झाडे मास्तरांचे बांधलेले हात

झाडे मास्तर हेकट होते असं समुद्रपुरात अजूनही कोणी म्हणालं की मी भांडत नाही. म्हणते, होते. बरं मग? गोड माणसं गावात पुष्कळ होती. सगळ्यांशी जमवून घेणारी, साहेब आला की खुर्ची पुसणारी. त्यांची नावं आज कोणाला आठवतात? मास्तरांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यावरून चार माणसांत वाद होतो, म्हणजे माणूस अजून शिल्लक आहे.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांची टायपिंगची संस्था होती. संस्था म्हणजे एक लांबट खोली, वर टिनाचं छप्पर, आठ टाइपरायटर आणि नंतर आलेले पाच कॉम्प्युटर. मास्तर उंच, वाळकुडे, खांद्यावर कायम पांढरा दुपट्टा. शिकवायची वेळ झाली की तो दुपट्टा काढायचे, दोन्ही हात पाठीमागे न्यायचे आणि समोर शिकायला बसलेल्या बाईला म्हणायचे, "बांधा बाई."

पहिल्या दिवशी मी घाबरले. आमचं किराणा दुकान, सासर व्यापाऱ्याचं, परक्या पुरुषाचे हात बांधायचे म्हणजे काय! मी आपली लाजत सैल गाठ मारली. त्यांनी ती झटक्यात सोडवून दाखवली.

"असं नोको. गाईले बांधता तसं बांधा. नाईतर मले राहवत नाई."

मग बाई चुकत राहायची आणि मास्तर हात मागे बांधलेले, तिच्या पाठीशी येरझाऱ्या घालत राहायचे. कपाळावर घाम. बाई भलतीकडेच माउस नेते आहे, यांना दिसतं आहे, पण हात बांधलेले. तोंडानंही फक्त एवढंच, "पाहा. अजून पाहा. तिथंच हाय." खिडकीतून जाणारी माणसं हसायची. "मास्तरले कायले पकडलं व आज?"

या हात बांधण्यामागे एक दुःख होतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट, तेव्हा नुसते टाइपरायटर होते. त्यांच्याकडे एक विधवा बाई शिकायला यायची, नोकरीसाठी परीक्षा द्यायची होती तिला. अडली की मास्तर मागून वाकायचे आणि तिच्या बोटावर बोट ठेवून योग्य अक्षर दाबायचे. संस्थेत तिचा वेग सगळ्यांत जास्त. परीक्षेला बसली आणि पहिल्याच ओळीत अडकली, कारण मागून येणारं बोट तिथे नव्हतं. नापास झाली, पुन्हा बसली नाही. मास्तर हे सांगायचे तेव्हा स्वतःच्या बोटाकडे असे पाहायचे, जसं काही त्यानं चोरी केली होती. "मदत केली म्हनून बुडवलं मी तिले," म्हणायचे. त्या दिवसापासून दुपट्टा.

मी त्यांच्याकडे गेले ती दोन हजार चार-पाचच्या सुमारास. एका सरकारी योजनेतून बायकांना शिकवण्यासाठी पाच मशीन त्यांच्या खोलीत आल्या होत्या. सगळ्यांवर लिनक्स. माझं शिक्षण सातवी, बाकी सगळं दुकानात आलेल्या रद्दीतून वाचलेलं. लिनक्स म्हणजे काय हे मला मास्तरांनी सांगितलं ते असं, "जगभरच्या लोकांनी मिळून बांधलं अन् वाटून टाकलं. कोनाचंच नाई, म्हनून तुमचं बी हाय."

आणि डेस्कटॉप म्हणजे मशीन चालू झाली की पडद्यावर दिसतं ते घर. दार कुठे, खिडकी कुठे, भांडी कुठल्या फळीवर. बाजारात मिळणाऱ्या इतर मशीनवर घर एकच, कंपनी बांधून देईल ते. लिनक्सवर घरं अनेक, आणि आत शिरताना निवडायचं. आमच्याकडे दोन होती. एक ग्नोम, दुसरं केडीई.

मास्तर केडीईचे. त्यात सगळं बदलता यायचं. पडद्याच्या कडेला बटणांची पट्टी असते, ती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. घड्याळाचे आकडे केवढे, खिडकी बंद करायचं बटण कोणत्या बाजूला, माउसची टिचकी एकदा मारायची की दोनदा. त्याचं सेटिंगचं पान उघडलं की माझं डोकं गरगरायचं. ग्नोम तसं नाही. त्याच्या बनवणाऱ्यांनी आधीच विचार करून पसारा कमी केलेला. लागेल तेवढंच समोर, बाकी आत कुठेतरी. मला ग्नोमच आवडायचं आणि मी ते मास्तरांच्या तोंडावर सांगायची.

"आमच्या दुकानासारखं हाय ते, मास्तर. गिऱ्हाइकानं तेल मागितलं की तेल द्यायचं. त्याले गोदामात कायले फिरवायचं?"

"अन् केडीई?"

"तो तुमचा आठवडी बाजार. पोत्यावर सगळं पसरून ठेवलं, उचला काय उचलायचं ते. माणूस हळद घ्याले जाते अन् चाळणी घेऊन येते."

"मंग काय बिघडलं? चाळणी लागत असन त्याले! दुकानात गल्ल्यामांग तुम्ही बसता, वत्सलाबाई. गिऱ्हाइकाले काय लागते ते तुम्ही ठरवता. बाजारात तो सोता ठरवते."

"तुमचा बाजार फिरता फिरता पाय दुखते माणसाचे."

"दुखू द्या. पाय त्याचे हायत."

हे भांडण आठवड्यातून दोनदा व्हायचं, आणि मजा सांगू का, त्यांनी माझं ग्नोम कधी काढलं नाही. एकदा कोणीतरी म्हणालं, मास्तर, सगळ्यांना एकच ठेवा, शिकवायला सोपं. मास्तर म्हणाले, "वत्सलाबाई चुकीच्या हायत. पन चुकीचं त्यांनी सोता निवडलं, साहेबानं नाई." माझी एवढी मोठी स्तुती पुढे कोणी केली नाही.

गिरडहून सुगराआपा यायची. दर्ग्याच्या पायऱ्यांशी तिचं चादरी आणि शिरणीचं दुकान. तिला आपल्या दुकानाच्या पाट्या स्वतः छापायच्या होत्या. आपा डावखुरी. पहिल्या दिवशी उजव्या हातानं माउस धरून बसली आणि बाण पडद्याबाहेर पळायचा. मास्तरांनी विचारलं, "घरी पोळी कोन्या हातानं लाटता?"

आपा हळूच म्हणाली, "डाव्या. पन लोकं नावं ठेवतात ना, मास्तर. शिरणी द्यायचा हात हाय."

"इथं कोन ठेवते नाव? मशीनले इचारा, चालते का तिले."

हात बांधलेले, त्यामुळे त्यांनी दाखवलं नाही. आपा तब्बल दोन दिवस त्या सेटिंगच्या पानांत फिरत होती. तिसऱ्या दिवशी ओरडली, "मिला! मिला रे अल्ला!" डावखुऱ्यांसाठी वेगळी सोय होती, माउसची बटणं उलटी करायची. तिनं माउस डावीकडे घेतला, पट्टी डाव्या कडेला उभी केली, आणि तिचा बाण असा सरळ चालायला लागला जसा कुत्रा मालकाच्या मागे. मास्तर बांधल्या हातांनी छपराकडे पाहत म्हणाले, "म्हनजे कोन्या तरी देशात, कोन्या तरी मानसानं आपाचा इचार केला होता."

मी त्याच दिवशी माझ्या ग्नोममध्ये शोधलं. तिथेही होती ती सोय. मी ते मास्तरांना लगेच सांगितलं, हे वेगळं सांगायला नको.

मग तपासणी आली. योजनेचे साहेब वर्ध्याहून येणार, सकाळी साडेदहाला. मास्तर त्यांना आणायला स्टँडवर गेले. आणि इथे जे झालं ते माझ्यामुळे झालं, ते मी लपवणार नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर आपण काय करतो? खोली झाडली, मडक्यात ताजं पाणी भरलं, आणि माझी नजर पडद्यांवर गेली. काय तो पसारा! कोणाची पट्टी डावीकडे, कोणाची वर, मांडगावच्या कमलला नीट दिसत नसे म्हणून तिची अक्षरं भोपळ्याएवढी, सगळीकडे टिचकी मारायची चित्रंच चित्रं. मी म्हटलं, "अवं, साहेब येऊन राह्यले. आवरा हे सगळं." झालं. बायका घर आवरतात तशा कामाला लागल्या. चित्रं सगळी एका फोल्डरमध्ये कोंबली. पट्टीच्या टोकाला एक बारका बाण असतो, तो दाबला की पट्टी कडेला सरकून लपते. सगळ्यांनी पट्ट्या लपवल्या. माझीही लपवली. साहेब आले तेव्हा पाचही पडद्यांवर स्वच्छ निळं आभाळ. सारवलेल्या अंगणासारखं.

साहेब नेमके आपाच्या मशीनवर बसले. माउस डाव्या बाजूला होता, तो त्यांनी उचलून उजवीकडे ठेवला. टिचकी मारली तर भलतंच काही उघडलं, कारण बटणं उलटी. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

"मशीन बिघडलेली आहे," साहेब म्हणाले.

"बिघडली नाई, साहेब," आपा म्हणाली. "घर आवरलं हाय."

मास्तरांनी एक नजर पाचही पडद्यांवर टाकली. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मग मिशीखाली हसू आलं. मी त्या हसण्याला भ्याले. मी पुढे होऊन साहेबांना पट्टीच्या टोकाचा तो बाण दाखवणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "वत्सलाबाई, हात मांग."

"अवं पन मास्तर, साहेब हायत ते..."

"इथं शिकाले जो बसते त्याले कोनी हात लावत नाई. शोधतीन ते. बाया शोधतात." आणि दुपट्टा काढून त्यांनी आपापुढे पाठ केली. "बांधा, आपा."

आपानं बांधले. साहेबांसमोर.

काय सांगू तुम्हाला, साहेब माउसचा बाण इकडे नेतात, तिकडे नेतात. कॉलर ओली झाली. कमल न राहवून म्हणाली, "पाहा साहेब, तिथंच हाय," अगदी मास्तरांच्या सुरात, आणि मागे कोणीतरी फिसकन हसलं. साहेब उठले. चहाला हात लावला नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सगळ्या मशीन एकसारख्या दिसल्या पाहिजेत. ग्रामीण महिलांना इतके पर्याय झेपत नाहीत, गोंधळ होतो. सेटिंगला कुलूप लावावं आणि पडद्यावर तीनच चित्रं ठेवावीत. पत्र लिहायचं, चित्र काढायचं आणि मशीन बंद करायचं. जमत नसेल तर मशीन परत कराव्यात.

मास्तरांनी पत्र मोठ्यानं वाचलं. शेवटच्या चित्रापाशी थांबले. "दोन कामं दिली," म्हणाले, "अन् तिसरं बंद कराचं."

मी त्यांच्याशी भांडले. आजवरचं सगळं भांडण खेळातलं होतं, हे मात्र खरंखुरं भांडण होतं. दुसरा कोणी शिकवणारा नव्हता तालुक्यात आमच्यासारख्या बायकांना. कमल तीन मैल चालत येऊन एसटी धरायची. मी म्हटलं, "मास्तर, लावून द्या कुलूप. तीन तर तीन चित्रं. मशीन तर राहीन! तुमच्या हट्टापायी आमचं कायले नुकसान करता? अन् ग्नोमवाले बी त कमीच ठेवतात. त्यांना तुम्ही काही म्हनत नाई."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीवर बसले.

"वत्सलाबाई, कमी ठेवनं अन् कुलूप लावनं एक नाई. ग्नोमवाला म्हनते, मी आवरून ठेवलं, तुमाले पटत असन त राहा, नाईतर दुसरं घर हाय. साहेब म्हनते, तुम्ही बाया हाय, तुमाले एवढंच झेपते. मी कुलूप लावलं त ते खरं हाय असं मी मानलं. मंग मी तुमाले शिकवू काय?"

मला ते पूर्ण पटलं नव्हतं, आणि तसं मी त्यांना सांगितलं. "तुमी उत्तर पाठवाच्या आधी बायांले इचारा," मी म्हटलं. "तुमीच ठरवलं त तुमच्यात अन् साहेबात फरक काय राह्यला?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांना बसवून त्यांनी विचारलं. कमल पहिल्यांदा बोलली. तिला भोपळ्याएवढी अक्षरं लागायची, आणि कुलूप लागलं की ती अक्षरं जाणार होती. "मंग मी कायले येऊ?" आपा म्हणाली, "मशीन गई तो गई. डावा हात आता मी परत कापून देनार नाई." मशीन परत करायच्या बाजूनं मी शेवटी हात वर केला. रडतच केला.

मास्तर जुन्या टाइपरायटरवर बसले आणि दोन ओळींचं उत्तर टाइप केलं. यंत्रं घेऊन जावीत. बाया इथेच राहतील.

मशीन गेल्या. ट्रकमध्ये चढवताना मास्तरांनी हात लावला नाही, आम्हीही नाही. दोन महिने आम्ही टाइपरायटरवर बसलो, कुत्सित बोलणी ऐकली. मग हिंगणघाटच्या एका बंद पडलेल्या एसटीडी बूथमधून मास्तरांनी दोन जुन्या मशीन आणल्या. इतक्या दमेकरी की त्यांच्यावर ग्नोमही चालेना आणि केडीईही. मास्तरांनी तिसरं घर घातलं, एक्सएफसीई नावाचं. बोजा कमी, बोलणं कमी, सांगितलेलं काम करणारं. "हे काय व्हय मास्तर, दुकान का बाजार?" मी विचारलं. म्हणाले, "ही हातगाडी हाय. पाऊस आला त ढकलत न्या." दोन मशीन, आठ बायका, पाळी लावून. पट्टी मात्र प्रत्येकीची तिच्या जागी. आपा आली की माउस डावीकडे जायचा, ती उठली की उजवीकडे.

पुढे केडीईची नवी आवृत्ती आली. मास्तर जावयाच्या घरी नागपूरला जाऊन मोठ्या हौसेनं पाहून आले आणि तोंड पाडून बसले. जुन्या कितीतरी गोष्टी काढून टाकल्या होत्या, नाहीतर हलवल्या होत्या. मला वाटलं आता सापडले तावडीत. मी म्हटलं, "काऊन मास्तर, तुमच्या बाजारवाल्यानं बी पोती उचलली वाटते?" म्हणाले, "चुकले ते. जो चुकन त्याले चुकला म्हनाचं. आपला असला म्हनून काय झालं?" आणि शेवटपर्यंत जुनंच वापरलं.

मग त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. संस्था बंद झाली, एक मशीन त्यांच्या घरी नेऊन ठेवली. मी एसटीनं त्यांच्या खेड्यावर गेले भेटायला. माणूस खाटेवर एवढासा झाला होता. माझा जीव कळवळला. सून म्हणाली, मशीनपाशी बसवा म्हणतात, पण जमत नाही काही. मी म्हटलं, थांब, मी करून देते. ते झोपले होते तेवढ्या वेळात मी सगळं नीट लावलं. पट्टी कोपऱ्यात सरकवून लपवली, मध्ये येऊ नये म्हणून. अक्षरं मोठी केली. माउस डावीकडे, बटणं उलटी, आपाचं पाहून शिकलेली. आणि पडद्याच्या मधोमध मोठी मोठी चित्रं ठेवली, डाव्या हाताला चुकायला नकोत अशी. पत्र लिहायचं. भजनं ऐकायची. मशीन बंद करायचं.

ते उठले. आम्ही दोघींनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. ते पडद्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

"वत्सलाबाई," जड जिभेनं एकेक शब्द ओढत म्हणाले, "तिसरं... बंद कराचं... ठेवलं काय?"

मी मोजलं. एक, दोन, तीन. मायेनं ठेवली होती हो मी, मायेनंच ठेवली होती. साहेबाच्या मनात तरी दुसरं काय असेल असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं मला.

मी घाईघाईनं माउस धरायला वाकले. "थांबा, मी काढते ते, पट्टी परत आणून देते तुमची..."

त्यांनी मान हलवली. नाही. डावा हात माउसवर ठेवला. बाण पडद्यावर वेडावाकडा निघाला, कोपऱ्याकडे.

खुंटीवर दुपट्टा होता. मी तो घेतला, दोन्ही हात मागे नेले आणि मनगटांभोवती गुंडाळून टोकं मुठीत घट्ट धरली. स्वतःला गाठ मारता येत नाही. सून माझ्याकडे बघतच राहिली. बाण कोपऱ्यापाशी पोचला, निसटला, परत मध्यापर्यंत घसरला. पुन्हा निघाला. बाहेर माझी परतीची एसटी हॉर्न देऊन गेली.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही.

"हात... मांग हायत ना?"

"हायत, मास्तर," मी म्हटलं. "पाहा. अजून पाहा. तिथंच हाय."